आधी रिकामं तोलायचं

रात्रभर यंत्रापाशी जागायचं, लोक न्याहारीला बाहेर पडले की गेस्ट हाऊसवर यायचं, काळे पडदे ओढायचे, जुनी सुती ओढणी डोळ्यांवर बांधायची आणि आडवं व्हायचं. वैजयंतीचा हा दीड महिन्याचा क्रम आहे. साठीला टेकलेल्या बाईने भर सकाळी झोपावं, हे तिचं तिलाच अजून पटत नाही. त्यामुळे झोपही आढेवेढे घेत येते. आज तर दारात येऊन उभी आहे आणि आत यायला तयार नाही.

परदेशातल्या या प्रयोगशाळेच्या चहूकडे पाइनची झाडं आणि दलदल. दीड महिन्यात वैजयंती मराठी बोलली असेल तर फक्त किटलीशी. किटली वेळेवर बंद होत नाही म्हणून ती तिला "मेले, किती उकळशील?" असं झापते. किटली उलट बोलत नाही, तरी तेवढंच बरं वाटतं. खोलीत दोन पलंग आहेत. साफसफाईला येणारी बाई रोज दोन्ही पलंगांच्या चादरी बदलून जाते. दुसऱ्यावर कुणी झोपत नाही, हे तिला सांगायचं वैजयंतीने दोनदा ठरवलं आणि दोनदा टाळलं.

आज ग्रेटा तिला दारापर्यंत सोडायला आली. वीस वर्षं एकाच प्रयोगावर डोकं फोडून घेतलेली मैत्रीण.

"झोप आता," ग्रेटा म्हणाली. "संध्याकाळी सांग, डबी भरलेली ठेवायची की रिकामी. मला विचारशील तर भरलेली. मल्लिनाथसाठी."

मल्लिनाथ उंबरजे हा वैजयंतीचा नवरा. हा प्रयोग त्याचा. गेल्या थंडीत तो गेला, आणि मग प्रयोगाला यंत्र मिळालं. आपल्याकडे म्हणतात ना, दात आहेत तर चणे नाहीत. इथे चणे आले आणि खाणाराच उठून गेला.

प्रोटॉनच्या पोटात क्वार्क नावाचे कण असतात आणि ते सारखे पळत असतात. त्यांना बाहेर काढता येत नाही. मग बाहेरून यंत्राने जोरात इलेक्ट्रॉन मारायचे, ते कुठल्या दिशेला आणि किती दमून उडाले ते मोजायचं, आणि त्यावरून आत कोण किती पळत होतं ते ताडायचं. अंधाऱ्या खोलीत चेंडू फेकायचे आणि आत कोण बसलंय ते ओळखायचं, असं वैजयंतीने एकदा आईला समजावलं होतं. "आणि याला नोकरी म्हणतात?" आई म्हणाली होती.

मोठ्या अणूच्या केंद्रात, म्हणजे गर्दीत बसलेल्या प्रोटॉनमधले क्वार्क एकट्या प्रोटॉनमधल्यांपेक्षा जरा हळू पळतात, हे जुनं झालं. मल्लिनाथचं म्हणणं असं होतं की हळू व्हायला गर्दी लागतच नाही, दोघं पुरतात. ड्यूटेरियमच्या केंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, एवढंच बिऱ्हाड. ते दोघं अगदी जवळ आले की दोघांच्याही आतली धावपळ जरा मंदावते. फरक शंभरात एखाददुसरा. हे त्याने उभा जन्म सांगितलं आणि लोकांनी उभा जन्म मान डोलावून ऐकलं, लहान मुलाची गोष्ट ऐकावी तसं. आता दीड महिन्याचे आकडे म्हणतायत की मल्लिनाथ बरोबर होता.

पण एक मेख आहे. द्रवरूप ड्यूटेरियम ज्या डबीत भरतात ती ॲल्युमिनियमची. इलेक्ट्रॉन जाता-येता तिच्या भिंतींवरही आपटतात, आणि ॲल्युमिनियमचं केंद्र म्हणजे भरलेलं घर, तिथले क्वार्क हळूच पळणार. भिंतींचा वाटा नीट वजा केला नाही तर भिंतींचा मंदपणा ड्यूटेरियमच्या नावावर चढतो. म्हणून डबी रिकामी करूनही तितक्याच इमानाने मोजायचं असतं. जुन्या डबीचं मोजलं होतं. ती गळायला लागली, नवी बसवली, आणि नवीचं मोजायचं राहून गेलं. दोन्ही एकाच कारखान्यातल्या, जुनेच आकडे वजा करू, असं सगळे म्हणतात. उद्या सकाळी यंत्र बंद होणार. शेवटची पाळी डबी भरलेली ठेवली, तर मल्लिनाथचा फरक आणखी ठसठशीत दिसेल. रिकामी ठेवली, तर तो फरक कदाचित भिंतींचाच निघेल आणि मल्लिनाथ दुसऱ्यांदा जाईल.

दुसऱ्या कुणाचा प्रयोग असता तर वैजयंतीने टेबल ठोकून रिकामी मागितली असती. पण आपला तो बाब्या.

ती कुशीवर वळते. ओढणीआड अंधार आहे. कोपऱ्यातला छोटा फ्रिज घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. मल्लिनाथ असाच घोरायचा, मध्येच थांबायचा, आणि आता पुन्हा सुरू होईल ना, म्हणून ती जागी राहायची. आताही ती थांबून ऐकते. घरघर सुरू होते. तिला बरं वाटतं.

"सरक की जरा," कुणीतरी म्हणतं.

ती पाय आखडून घेते. गादी पायथ्याशी खचते. ओढणी केव्हाच गळ्यात आली आहे आणि खोलीत दुसरा पलंग नाही. पायथ्याशी मल्लिनाथ मांडी घालून बसला आहे. अंगात कोपरांवर विरलेला करडा स्वेटर, कपाळावर विभूतीचे पट्टे. बार्शीला, घरच्या रानात, त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला पुरताना असाच मांडी घालून बसवला होता. भाऊ माती लोटत होते आणि वैजयंतीच्या मनात एकच घोळत होतं, की याचे गुडघे दुखतात, याला इतका वेळ मांडी कशी जमणार.

"गुडघे?" ती विचारते.

"दुखत न्हाईत आता."

"जेवलास?"

"आता कुठलं जेवण, वैजू." तो हसतो. "तू काय खाल्लंस?"

"बिस्किटं."

"आन् वर मलाच विचारायलीस."

त्याचं बोलणं तसंच आहे. जगभर फिरला, चार देशांत व्याख्यानं दिली, पण घरात पाऊल टाकलं की जीभ बार्शीला पोचायची. वैजयंतीला रडू येईल असं वाटतं, पण येत नाही. कुणीतरी आपल्याशी मराठीत बोलतंय याचाच आनंद इतका होतो की रडायचं राहून जातं.

"किती पळायलीस गं?" तो म्हणतो.

"मी कुठे पळते? आडवी पडलेय."

"पडलीयस खरी. आत पळायलीस."

ती उठून पाय खाली सोडते, तर पायाखाली गेस्ट हाऊसचा गालिचा नाही, तेलाने काळी झालेली फळी आहे. समोर बार्शीचा रस्ता, ऊन, एक थांबलेली सायकल. हे सासऱ्यांचं, आप्पांचं तेलाचं दुकान. लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा याच फळीवर बसून तिने शेंगदाणे खाल्ले होते. गादीवर मल्लिनाथ मांडी घालून बसला आहे. त्याच्या मागच्या मांडणीवर तेलाच्या डब्यांऐवजी निळ्या केबलींची भेंडोळी आहेत. छताला तराजू लटकतो आहे आणि त्याच्या एका पारड्यात ती डबी आहे, नवी, तिच्या नळ्यांसकट. गारठ्याने तिच्यावर दव जमलं आहे आणि ते थेंबाथेंबाने फळीवर पडतं आहे.

"गिऱ्हाईक डबा घेऊन आलं की आप्पा काय करायचे?" मल्लिनाथ विचारतो.

"तुला माहीत आहे. मी शंभर वेळा ऐकलंय."

"तरी सांग."

"आधी रिकामा डबा तोलायचे. दुसऱ्या पारड्यात खडे टाकून धडा करायचे, म्हणजे डब्याचं वजन बाद, मग तेल."

"गिऱ्हाईक घाईला आलं तर?"

"तरी आधी रिकामा."

"आन् ते म्हणलं, आप्पा, कालचाच डबा हाय, कालचेच खडे टाका, तर?"

बाहेरची सायकल आपोआप थोडी पुढे सरकते आणि पुन्हा थांबते.

"डबा घरी पडतो," मल्लिनाथच सांगतो. "पोचा येतो. कुठं गळाला तर झाळून आणतेत. कालचा डबा कालचा, आजचा आजचा. हिथं तर डबाच दुसरा हाय, वैजू."

"नको ना, मल्लिनाथ." ती तराजूची साखळी धरते, जणू तो आत्ताच तोलायला घेणार आहे. "झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळे म्हणतायत भरलेली ठेवू. ग्रेटासुद्धा. पहिल्या पानावर तुझं नाव येईल. इतकी वर्षं हसले ते सगळे वाचतील."

"मूठ कुणाची?"

"तुझी."

"माझी उघडीच हाय की." तो तळहात पुढे करतो. त्यात थोडी विभूती आहे, बाकी काही नाही.

मग ती इतके दिवस कुणालाच विचारता न आलेलं विचारते. "तू आता तिकडचा आहेस. तुला तरी खरं ठाऊक असेल. दोघं जवळ आले की हळू होतात का रे?"

"मेल्यावर आकडे दिसतेत, असं कुणी सांगितलं तुला?" त्याला हसू आवरत नाही. "मी पण मरस्तवर तेच धरून चाललो होतो. हिथं काय न्हाई. हिथं नुसतं बसायचं."

तो हसत राहतो आणि हसण्याला लोखंडी आवाज येऊ लागतो. जाळीचं दार सरकल्याचा. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबते. वैजयंती पुण्याच्या घरात स्वयंपाकघरात उभी आहे आणि तिच्या हातात चहाचे दोन कप आहेत. ओट्यावर मिक्सरशेजारी मल्लिनाथ मांडी घालून बसला आहे. त्याचं डोकं वरच्या कपाटाला टेकलं आहे. खिडकीबाहेर पुणं नाही, पाइनची झाडं आहेत.

"लिफ्ट आली," ती म्हणते. "तू आलास."

"मी तर हिथं बसलोय. लिफ्टीत समोरचे डॉक्टर असतील."

"रोज या वेळेला येते. मी रोज उठते."

"ठाऊक हाय."

"नळ गळतो तेव्हा वाटतं, तू तोंड धुतोयस. रात्री कपाट वाजतं. गॅलरीतली खुर्ची सकाळी सरकलेली असते. मी तुझ्याशी बोलते मग. चहाही टाकते."

मल्लिनाथ खालमानेने ऐकतो. मग फार हळू आवाजात म्हणतो, "ते भिंतीचं हाय, वैजू. माझं न्हाई."

"सगळं?"

"सगळं का थोडं, मला काय ठाऊक. भिंतीचं किती, ते तू कधी मोजलंच न्हाईस."

वैजयंती कप आदळते. कप फुटत नाहीत, आवाजही होत नाही, त्यामुळे तिला आणखी राग येतो. "मोजलं आणि काही उरलंच नाही तर? घरातही नाही, प्रयोगातही नाही, तर मी कुठे जाऊ? तुला काय, तू बसलायस मांडी घालून. मला त्या घरात परत जायचंय. एकटीला जायचंय. तुझं म्हणून एवढं एकच उरलंय माझ्याकडे आणि तू म्हणतोस तेही तराजूत घाल."

ती रडते. आता मात्र नीट, हमसून रडते. दवाखान्यात, बार्शीला, विमानात, कुठेही न आलेलं रडू या आवाज नसलेल्या स्वयंपाकघरात येतं. मल्लिनाथ तिला थांबवत नाही. जिवंत असतानाही थांबवायचा नाही, नुसता जवळ बसून राहायचा.

"न्हाई उरलं, तर न्हाई उरलं," शेवटी तो म्हणतो. "पण भिंतीला मल्लिनाथ म्हणत बसू नगंस. मला तर वाईट वाटंलच, भिंतीला पण वाटंल."

रडता रडता ती फस्सकन हसते. माणूस मेला तरी खोडी जात नाही.

ती डोळे पुसून ओट्याला टेकते, तर तो ओटा नाही. नियंत्रण कक्षाची जमीन आहे, पडद्यांवर आकडे चढतायत, आणि एवढ्या मोठ्या खोलीत दुसरं कुणीही नाही. ती दोघं भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली आहेत, कॉलेजात निकालाची वाट बघत बसायची तशी. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला आहे. स्वेटरला शेंगतेलाचा वास आहे. वैजयंतीच्या आतली दीड महिन्याची धावपळ जरा मंदावते. किती, ते मोजायला इथे काही नाही, पण मंदावते.

"राहा," ती म्हणते.

"तुझी ओढणी दे."

"कशाला?"

"गाठ मारतो."

ही त्याच्या आईची रीत. काही विसरायला नको असलं की पदराला गाठ मारायची. मल्लिनाथला पदर नव्हता, म्हणून तो वैजयंतीच्या ओढणीला मारायचा. गॅस नोंदवायचाय, गाठ. दळण आणायचंय, गाठ. एकदा भर परिषदेत, मंचावर चढताना तिच्या ध्यानात आलं होतं की आपण ओढणीच्या टोकाला हिंग आणायची गाठ घेऊन मिरवतोय. गाठही साधी नाही. टोक जिभेने ओलं करायचं, दोनदा फिरवायचं आणि दातांनी आवळायचं. सोडायलाही दात लागायचे. नियम दोनच होते. काम झाल्याशिवाय सोडायची नाही, आणि काम झालं की ठेवायची नाही.

तो टोक ओलं करतो, फिरवतो, आवळतो.

"कशाची मारलीस?" ती विचारते.

"ठाऊक हाय तुला."

"आणि काम झाल्यावर?"

"झाल्यावर सोडायची."

"मग पुढे?"

तो तिच्याकडे बघतो. काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडतो आणि त्याच्या तोंडातून टेलिफोनची घंटा वाजते.

वैजयंती डोळे उघडते. ओढणी घसरून उशीवर पडली आहे. पडद्याखालून उन्हाची पिवळी रेघ आत आली आहे. दुसरा पलंग जागच्या जागी आहे आणि त्याच्या चादरीला एक सुरकुती नाही. न्हाणीघरात काहीतरी टपकतं आहे. ती कान देऊन ऐकते. नळ आहे. कोपऱ्यात घरघर चालू आहे. फ्रिज आहे. नळाचं नळाला आणि फ्रिजचं फ्रिजला देऊन झाल्यावर खोली इतकी शांत होते की तिला भीती वाटते. फोन वाजतोच आहे.

"ठरलं?" ग्रेटा विचारते. "इथे सगळे थांबलेत."

"रिकामी," वैजयंती म्हणते. मग पुन्हा, नीट सांगते. "डबी रिकामी करायला घ्या. शेवटची पाळी रिकामीच मोजायची."

"फरक भिंतींचाच निघाला तर? वैजयंती, मग त्याचं काही राहणार नाही."

"माहीत आहे."

"तू ठीक आहेस ना?"

"नाही," वैजयंती खरं ते सांगते. "पण येते मी. मी आल्याशिवाय मोजायला सुरुवात करू नका."

ती तोंड धुते. किटली लावते, आणि आज तिला न झापता स्वतःच बंद करते. चहा एकच कप करते, उभ्याने पिते. मग उशीवरची ओढणी घडी घालायला उचलते आणि बोटांना काहीतरी कठीण लागतं.

टोकाला गाठ आहे. दुहेरी, घट्ट आवळलेली, अजून ओलसर.

वैजयंती पलंगाच्या काठावर बसते. आयुष्यभराची सवय जात नाही, ती एकेक वजा करत जाते. झोपेत आपणच मारली असेल. ओढणी तोंडाशी आली असेल, म्हणून ओली. रडलोही असू. हे सगळं होऊ शकतं, आणि सगळं धरूनही एक गोष्ट उरते. ही दुहेरी गाठ तिला आयुष्यात कधी जमली नव्हती. मल्लिनाथने कितीदा शिकवली, पण तिची दरवेळी एका झटक्यात सुटायची आणि तो हसायचा.

नकळत ती गाठ दातांपाशी नेते, आणि थांबते. काम अजून झालेलं नाही. उद्या सकाळी यंत्र बंद होईल, रिकाम्या डबीचा हिशेब हाती येईल, भिंतींचं भिंतींना आणि मल्लिनाथचं मल्लिनाथला मिळेल, काय असेल ते. मग ही सोडावी लागेल. नियम आहे. आजची पाळी तेवढी ती जवळ ठेवता येईल.

ती ओढणी गळ्यात घालते, गाठ मुठीत धरते, दिवा मालवते. खोलीत कुणी नाही, हे आता तिला नीट माहीत आहे. तरी दार ओढून घेताना ती "येते" म्हणते.